झोपेच्या गोळीआधी काय? निद्रानाशाचा वर्तनोपचार फोनवरून गावापर्यंत नेताना

तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न थोडक्यात असा: "झोप लागत नाही म्हणून येणारे पेशंट खूप आहेत. गोळी दिली की महिन्याभराने तेच पेशंट 'गोळ्या संपल्या' म्हणून परत येतात. निद्रानाशात आधी वर्तनोपचार द्यावा असं वाचतो, पण तो देणारं इथे कोणी नाही, जिल्ह्यालाही मिळत नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपने हे काम होतं का? आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचं काय?"

डॉक्टर, होतं. मोठ्या चाचण्यांत ते दिसलेलं आहे. पण अ‍ॅप हातात देऊन पेशंटला एकटं सोडलं, तर बरीच माणसं सुरुवातीलाच गळतात. आणि हा उपचार असा आहे की त्याचं पहिलं फळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: तुमच्याकडे आठवड्यातून एकदा फोन करून चौकशी करणारं माणूस असेल, तर साधन अगदी साधं असलं तरी चालेल. आधी त्या माणसाची सोय करा, अ‍ॅपचा विचार मग.

हे का म्हणते, ते कळायला या उपचारात नेमकं काय घडतं ते पाहायला हवं. बरेच डॉक्टरसुद्धा 'वर्तनोपचार' म्हणजे 'रात्री चहा पिऊ नका, मोबाइल पाहू नका, मन शांत ठेवा' असं समजतात. त्या सल्ल्यात वाईट काही नाही, पण एवढ्यावर जुनाट निद्रानाश जात नाही. अमेरिकेच्या झोपविषयक वैद्यक संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात, नुसत्या झोपेच्या सवयींचा सल्ला हा एकमेव उपचार म्हणून देऊ नये, असंच सुचवलं आहे. खरा उपचार म्हणजे सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी दोन्हींवर काम करणारा वर्तनोपचार, आणि त्याचा कणा अंथरुणात किती वेळ घालवायचा या हिशेबात आहे.

जुनाट निद्रानाश कधी म्हणायचा? आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे लवकर जाग येते, आणि त्यामुळे दिवस खराब जातो, तेव्हा. सुरुवातीला काहीतरी कारण असतं. मुलीचं लग्न, कर्ज, बाळंतपण, घरातलं आजारपण. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली गोष्ट आजही रोज प्रत्ययास येते: कारण निघून जातं, निद्रानाश मागे राहतो, आणि तो टिकवून धरतात ते माणसाने झोप भरून काढण्यासाठी केलेले उपाय. काल झोप झाली नाही म्हणून आज लवकर आडवं व्हायचं. पहाटे जाग आली तरी पडून राहायचं, 'निदान अंगाला आराम'. दुपारी तास-दीड तास लवंडायचं. वाटीभर आमटी दहा जणांना पुरावी म्हणून तिच्यात पाणी घालत जावं, तशी पाच तासांची झोप आठ-नऊ तासांत पसरून पातळ होते. त्यातच अंथरुणात तासन् तास जागं पडून, कूस बदलत, घड्याळ पाहत काढलेल्या वेळाने मेंदूला एक सवय लागते: पाठ टेकली की डोळे टक्क उघडायचे. 'बसल्या बसल्या पेंग येते, आडवी झाले की झोप उडते' हे वाक्य पेशंटच्या तोंडी आलं, तर निदान जवळजवळ हातात आलं म्हणून समजा.

समजा एक बावन्न वर्षांच्या बाई आहेत. साडेनऊला अंथरुणावर पडतात, साडेपाचला उठतात, कारण नळाला पाणी तेव्हाच येतं. अंथरुणात आठ तास, झोप सरासरी पाच तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी साधारण ६३ टक्के वेळच झोप. त्यांना पहिल्या आठवड्यासाठी सांगायचं: उठायचं साडेपाचलाच, रविवारीसुद्धा, पण आडवं व्हायचं बाराला. अंथरुणात साडेपाच तास. दुपारी आडवं व्हायचं नाही. अंथरुणावर पडल्यावर झोप लागत नाही आणि चिडचिड सुरू झाली असं वाटलं, की उठून बसायचं, डोळे जडावले की परत पडायचं. मिनिटं मोजायची नाहीत. हा उठून बसण्याचा भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच मांडला होता. आठवड्याच्या शेवटी हिशेब करायचा. समजा साडेपाच तासांत त्यांना चार तास पन्नास मिनिटं झोप लागली, म्हणजे ८८ टक्के. मग आडवं होण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे, पावणेबारा. ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पंधरा मिनिटं द्यायची, ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तेच ठेवायचं, खाली असेल तर थोडं आणखी आखडायचं. मात्र पाच तासांच्या खाली कधी नेऊ नका. मी साडेपाचच्या खाली सहसा जात नाही.

यात जादू काही नाही. जागेपणाचे तास वाढले की झोपेची ओढ वाढते, झोप सलग होते, आणि अंथरुणाशी जोडलेली भीती हळूहळू सुटते. विचारांवरचं काम याच्या जोडीने चालतं: 'आज झोपले नाही तर उद्या बीपी वाढून काहीतरी होईल' ही धास्ती रोजच्या झोपेच्या नोंदवहीतले आकडे समोर ठेवून सैल करायची. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या चार्ल्स मोरिन यांनी हे सगळे भाग एकत्र बांधले, आणि आज जगभर तीच बांधणी वापरली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाच्या सगळ्या प्रौढांना आधी हाच उपचार द्यावा असं सांगितलं. युरोपच्या निद्रा-संशोधन संस्थेने २०२३ च्या सुधारित मार्गदर्शनात 'समोरासमोर किंवा डिजिटल' असा स्पष्ट उल्लेख करून तेच म्हटलं.

आता यंत्राकडे वळू. वर जो हिशेब केला तो दर आठवड्याला, प्रत्येक पेशंटसाठी, न चुकता करायचा. रोज सकाळी नोंद मागायची. ठरलेल्या वेळी आठवण द्यायची. या कामात संगणकी कार्यक्रम कंटाळत नाही, आणि रात्री साडेअकराला 'अजून अर्धा तास जागं राहायचंय' हे सांगायला हजर असतो. ब्रिटनमधले निद्रा-संशोधक कॉलिन एस्पी यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या स्लीपिओ या ऑनलाइन कार्यक्रमाची २०१२ ची चाचणी १६४ प्रौढांवर झाली. तिचं महत्त्व असं की तुलनेसाठी तितकाच आकर्षक पण निष्क्रिय असा ऑनलाइन कार्यक्रम वापरला होता, आणि तरी खऱ्या उपचाराचा फरक ठळक दिसला. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ली रिटरबँड यांच्या शटी या कार्यक्रमाची २०१७ ची चाचणी ३०३ जणांवर झाली. वर्षभरानंतर उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक निद्रानाशाच्या व्याख्येतून बाहेर आलेले होते. कुठल्याही माणसाने समोर न बसता. मला हा आकडा आजही मोठा वाटतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर झालेली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली, ऑनलाइन उपचाराची ओअ‍ॅसिस चाचणी घ्या. झोप सुधारली, आणि झोपेबरोबर संशयीपणा व भास यांचे त्रासही कमी झाले, म्हणून ती गाजली. तिच्यातच उपचार मिळालेल्या गटात ६९ टक्के विद्यार्थ्यांनी निदान एक सत्र उघडलं, दुसऱ्या सत्रापर्यंत साधारण निम्मे उरले, आणि सहाही सत्रं केली फक्त १८ टक्क्यांनी. ही तरुण, इंग्रजी येणारी, हातात फोन घेऊनच वाढलेली मुलं. तुमच्या दवाखान्यातल्या पंचावन्न वर्षांच्या मावशींकडून याहून जास्त अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची?

गळती का होते ते उपचाराच्या स्वभावातच आहे. पहिल्या आठ-दहा दिवसांत माणसाला आधीपेक्षा वाईट वाटतं. रात्र लांबते, दिवसा पेंग येते, घरचे म्हणतात 'हे कसलं औषध, आधीच झोप नाही आणि वर जागं राहायला सांगतात'. नेमक्या त्या वेळी 'हे असंच होतं, आकडे बघा, मधे जाग येणं कमी झालंय, अजून चार दिवस धरा' असं ओळखीच्या आवाजात कोणी म्हटलं तर माणूस टिकतो. ऑनलाइन उपचारांच्या २०१६ च्या एकत्रित विश्लेषणातही, ११ चाचण्या आणि १,४६० लोक, माणसाचा आधार जास्त असेल तिथे परिणाम जास्त दिसला.

हा आधार देणारा माणूस तज्ज्ञच असायला हवा का? इथे तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी पुरावा आहे, आणि तो अ‍ॅपच्या जगातला नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या हॅबिट चाचणीचे निकाल आले. ३५ साध्या जनरल प्रॅक्टिसमधले ६४२ पेशंट. थोडक्या प्रशिक्षणानंतर नेहमीच्या नर्सनीच चार छोट्या भेटींत, त्यातल्या काही फोनवर, वर सांगितलेला अंथरुणातल्या वेळेचा हिशेब शिकवला. सहा महिन्यांनी या गटाची झोप, फक्त छापील सल्ला मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट चांगली होती. आणि अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सुझन मॅककरी यांच्या गटाने सांधेदुखी असलेल्या, साठीच्या पुढच्या ३२७ लोकांवर निव्वळ फोनवर हा उपचार केला, त्याचे निकाल २०२१ मध्ये आले. आठ आठवड्यांत सहा फोन, प्रत्येकी वीस-तीस मिनिटांचे. अ‍ॅप नाही, व्हिडिओ नाही. फायदा वर्षभर टिकला. गुडघे दुखतात म्हणून झोप नाही असं सांगणाऱ्या किती आजी तुमच्याकडे येतात? त्यांच्यासाठी हा साधा फोनच आधुनिक आरोग्यतंत्र आहे.

पैशाची बाजू फार लांबवत नाही, पण एक उदाहरण लक्षात ठेवावं. शटीवरून घडवलेल्या सॉमरिस्टला मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाची मंजुरी मिळाली; डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचं अ‍ॅप. ते विकणारी पेअर थेरप्युटिक्स एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या तरी पैसे भरायला पुरेशा विमा कंपन्या तयार झाल्या नाहीत. जर्मनीने २०१९ मध्ये कायदाच केला, त्यामुळे सोम्निओ हे निद्रानाशाचं अ‍ॅप डॉक्टरच्या चिठ्ठीवर सरकारी आरोग्य विम्यातून मिळतं. ब्रिटनच्या नाइस या उपचारांची पारख करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये स्लीपिओची शिफारस केली ती खर्च वाचतो हे पाहूनच. आपल्याकडे तुमचा पेशंट खिशातून देणार. म्हणून साधन फुकट किंवा जवळजवळ फुकट असलं तरच ते पोहोचेल.

आता तुमच्या दवाखान्याकडे येते.

इंग्रजी वाचता येणारे पेशंट तुमच्याकडेही असतात: शिक्षक, बँकेतले कर्मचारी, घरून संगणकावर काम करणारी मुलं. त्यांना अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने बनवलेलं इन्सोम्निया कोच हे मोफत अ‍ॅप सुचवा. त्यात नोंदवही आहे, आठवड्याचं मार्गदर्शन आहे. त्याच विभागाचं सीबीटी-आय कोच हे आधीचं अ‍ॅप मात्र उपचार देणाऱ्याच्या सोबतीने वापरण्यासाठी आहे, ते एकट्याने वापरायला देऊ नका. अ‍ॅप दिलं तरी फोन चुकवायचा नाही.

पेशंट स्वतःच एखादं अ‍ॅप घेऊन आला आणि 'हे चांगलं आहे का' विचारलं, तर मी एवढंच पाहते: ते रोज सकाळी नोंद मागतं का, त्या नोंदीवरून झोपायची नि उठायची वेळ ठरवून देतं का, आणि दर आठवड्याला ती बदलतं का. तिन्हीला 'हो' नसेल, तर ते पावसाचे आवाज आणि ध्यानाचं संगीत ऐकवणारं अ‍ॅप आहे. ऐकायला छान, पण जुनाट निद्रानाशावर त्याचा भरवसा धरू नका. २०२४ मध्ये २४१ चाचण्यांचं एक मोठं विश्लेषण आलं. त्यात अंथरुणातला वेळ आखडणं, जाग आली की उठणं आणि विचारांवरचं काम हे भाग उपयोगी ठरले. शरीर-मन सैल करण्याच्या व्यायामांचा वेगळा फायदा दिसला नाही.

बाकी पेशंटसाठी, म्हणजे बहुतेकांसाठी, साधा फोन आणि भिंतीवरचं कॅलेंडर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. घरचा स्मार्टफोन मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो आणि संध्याकाळी घरी येतो. अ‍ॅपवरच्या सगळ्या योजना इथेच अडखळतात. कॅलेंडर मात्र घराघरांत आहे. त्या दिवसाच्या चौकोनात सकाळी तीन आकडे लिहायचे: किती वाजता आडवं झालो, किती वाजता उठलो, अंदाजे किती तास झोप लागली. लिहिता येत नसेल तर नातवंड लिहितं, आणि ते अगदी मनापासून लिहितं. अंदाजच हवा, घड्याळ बघून बघून काढलेला नेमका आकडा नको, कारण रात्री घड्याळ बघणं हाच आजाराचा भाग आहे. ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे ते सकाळी आवाजात निरोप पाठवतील. तो दवाखान्याच्या एकाच फोनवर, एकेकट्याचा यावा. गट बनवू नका. कुठल्या बाईची झोप का उडाली, हे गावातल्या बाकीच्यांनी ऐकायची गोष्ट नाही. नोंदी कशासाठी घेतोय ते आधी सांगून संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही तेच म्हणणं आहे.

फोन करायला तुमची सिस्टर उत्तम. आठवड्यातला एक वार ठरवा, दुपारची वेळ, जेव्हा दवाखाना रिकामा असतो आणि घरात बाईला मोकळं बोलता येतं. सिस्टरला एक गोष्ट पक्की शिकवा: 'झोप लागली का?' हा पहिला प्रश्न नसावा. पहिला प्रश्न 'ठरलेल्या वेळी आडवं झालात का, ठरलेल्या वेळी उठलात का?' झोप कोणाच्या हातात नाही, उठणं हातात आहे. पेशंट 'नाही हो, परवा साडेदहालाच पडले' म्हणाली तर रागावायचं नाही. साडेदहा ते बारा तुम्ही काय करता, त्या वेळात अडचण काय येते, हे विचारायचं. पुष्कळदा तिथेच गाठ सापडते. घरातले सगळे झोपलेत, दिवा लावला तर सुनेला त्रास, टीव्ही लावायची सोय नाही. मग त्या दीड-दोन तासांचं काम शोधून द्यावं लागतं. उद्याच्या मेथीची जुडी निवडणं, डाळ-तांदूळ पाखडून ठेवणं, फुलवाती वळणं, कमी आवाजात कीर्तन ऐकणं. अंधुक उजेडात, बसून होईल असं काहीही चालतं. पडून नाही.

पाश्चात्त्य कार्यक्रमांत 'झोप लागली नाही तर दुसऱ्या खोलीत जा' असं सांगितलेलं असतं. एका खोलीत पाच माणसं झोपणाऱ्या घराला ही सूचना देणं म्हणजे उपचार तिथेच बंद पाडणं. आपल्याकडे त्याला चांगले पर्याय आहेत. अंथरुणावरून उठून भिंतीला टेकून बसा, ओट्यावर बसा, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पाटावर बसा. अंथरूण आणि जागेपण यांची ताटातूट व्हावी एवढंच हवं आहे. आणि जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्या घरांत तर एक मोठी सोय आधीच आहे. सकाळी उठल्याबरोबर वळकटी करून ठेवली की दिवसा त्यावर पडण्याचा प्रश्नच मिटतो. पलंग असलेल्या घरांत हे जमवायला फार झगडावं लागतं. तसंच, उठण्याची वेळ पक्की करणं हा इतरत्र सगळ्यात अवघड भाग असतो. तुमच्या गावात पाण्याची वेळ, दूध घालायची वेळ, पहिली एसटी, मुलांचे डबे यांनी ती आधीच बांधून ठेवलेली आहे. त्याच खुंटीला सगळा हिशेब बांधा.

तंबाखू आणि मिश्री यांबद्दल मुद्दाम विचारा. रात्री जाग आली की मिश्री लावणाऱ्या स्त्रिया खूप आहेत, आणि निकोटिन झोप उडवतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. शेतीपंपाची वीज रात्री येते त्या आठवड्यात शेतकऱ्याला हा हिशेब लावू नका; पाणी द्यायला रात्रभर शिवारात असणारा माणूस निद्रानाशाचा रुग्ण नसतो, त्याला झोपायची संधीच मिळालेली नसते. पाळी बदलली की मग पाहा.

कोणाला हा उपचार फोनवर देऊ नये, हे तुम्ही स्वतः तपासा, सिस्टरवर सोडू नका. ज्याला कधीही उन्मादाचा झटका येऊन गेला आहे, म्हणजे द्विध्रुवी विकार, त्याला झोप आखडल्याने पुन्हा झटका येऊ शकतो. फेफरं असलेल्यांना झोप आखडल्याने फिट येऊ शकते. झोपेत चालणाऱ्यांना नको. जोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा, दिवसा कुठेही डोळा लागणारा माणूस आधी श्वासाच्या तपासणीला पाठवा. ट्रक-एसटीचे चालक, उंचावर किंवा यंत्रावर काम करणारे, यांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांची पेंग जिवावर बेतू शकते. त्यांच्यासाठी वेळ अगदी थोडी आखडायची किंवा तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. रात्री पाय ओढतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं सांगणाऱ्या बाईचं फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. तिचा आजार वेगळा आहे. तोल जाणाऱ्या वृद्धांना रात्री उठून बसायला सांगताना पडण्याचा विचार करा. आणि झोपेबरोबर जगण्याचीच इच्छा मावळली आहे असं वाटलं, तर झोपेचा हिशेब बाजूला ठेवून थेट विचारा, मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे. तो तुमच्या टेबलावर आणि प्रत्येक पेशंटच्या कॅलेंडरवर लिहिलेला असावा. उदासीनता साधी असेल तर मात्र निद्रानाशाचा उपचार थांबवायचं कारण नाही. झोप सुधारली की मनही बरंच सावरतं.

आधीच गोळी चालू असलेल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच तुमच्याकडे जास्त असणार. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आहेत, तरी वर्षानुवर्षं चालू राहिलेली दिसतात. गोळी एकदम बंद करू नका; विशेषतः अल्प्राझोलाम अचानक थांबलं तर झटके येऊ शकतात. आधी तीन-चार आठवडे वर्तनोपचार सुरू करून झोप सलग होऊ द्या, मग मात्रा पायरीपायरीने, दर दोन आठवड्यांनी थोडी, उतरवा. मोरिन यांच्या २००४ च्या अभ्यासात गोळी हळूहळू उतरवण्याला वर्तनोपचाराची जोड दिली तेव्हा ८५ टक्के वयस्क रुग्ण गोळीपासून सुटले. नुसती मात्रा उतरवलेल्या गटात ४८ टक्के. गोळी कमी करण्याच्या काळात फोन आठवड्यातून दोनदा करा. त्या काळात एखादी वाईट रात्र येतेच, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला नाही तर पेशंट मेडिकलच्या दुकानात पोहोचतो.

मनगटावरच्या घड्याळांबद्दल एवढंच: ती हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात, आणि निपचित पडून जागं असलेल्या माणसाला झोपलेला धरतात. आमच्या उपचारात तीच वेळ सगळ्यात महत्त्वाची. शिवाय 'गाढ झोप फक्त चाळीस मिनिटं' असा आकडा सकाळी पाहून चांगला झोपलेला माणूसही धास्तावतो. उपचाराचे सहा-आठ आठवडे घड्याळ काढून ठेवायला सांगा.

सुरुवात कशी करायची, तर सगळ्यांपासून नको. गोळी अजून सुरू न झालेले, वर सांगितलेला कुठलाही धोका नसलेले मोजके पेशंट निवडा. पहिल्या दिवशी निद्रानाशाच्या तीव्रतेची सात प्रश्नांची प्रश्नावली घरगुती मराठीत तोंडी विचारून गुण लिहून ठेवा. शून्य ते अठ्ठावीस गुणांची ती मापनपट्टी आहे आणि पंधरापासून पुढे मध्यम ते तीव्र त्रास धरतात. पहिला आठवडा नुसत्या नोंदींचा, काहीही न बदलता. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला पेशंट आणि घरातलं एक माणूस, दोघांना बोलावून तुम्ही स्वतः वेळ ठरवून द्या, आणि पुढचे दहा दिवस जड जाणार हे तेव्हाच सांगा. घरातलं माणूस ऐकायला असणं फार मोलाचं आहे, कारण रात्री साडेदहाला 'अगं पड की आता' म्हणणारं तेच असतं. त्यानंतर सिस्टरचे फोन. आठव्या आठवड्याला तेच सात प्रश्न पुन्हा. गुण सातपेक्षा जास्त उतरले तर उपचार लागू पडला असं मानायचं, आणि वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत पेशंटला दिवसा ताजं वाटेल तिथे थांबायचं. गुण हलले नाहीत, आणि कॅलेंडरवरून वेळा पाळलेल्या दिसत असतील, तर घोरणं, थायरॉइड, नैराश्य, दारू, घरातली मारहाण या सगळ्यांची चौकशी पुन्हा करा आणि पेशंटला व्हिडिओवर तज्ज्ञाकडे जोडून द्या. व्हिडिओवर दिलेला हा उपचार समोरासमोरच्या उपचारापेक्षा कमी पडत नाही हे २०२१ च्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं आहे, त्यामुळे त्यासाठी पेशंटला पुण्या-मुंबईची वारी घडवायची गरज नाही.